मॉरिशस : उसाच्या बेटावरचे सायबर स्वप्न

साखर आणि कापड या दोन आधारांवर उभ्या असलेल्या मॉरिशसने एकविसाव्या शतकाच्या आरंभी माहिती तंत्रज्ञानाचे प्रादेशिक केंद्र होण्याचा निर्धार केला. इमारती उभ्या राहिल्या, समुद्राखालून केबल आल्या, कायदेही झाले. पाव शतकानंतर या निर्धाराचे काय झाले आणि त्याची खरी कसोटी कोठे आहे, याचा हा मागोवा.

पोर्ट लुई बंदराच्या काठावर 'आप्रवासी घाट' नावाची जुनी दगडी वास्तू आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर या बंदरात उतरले. कोलकाता आणि मद्रासप्रमाणेच मुंबईहूनही जहाजे सुटत. त्यातून कोकणातली आणि घाटमाथ्यावरची मराठी माणसे तेथे गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात व त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुटी असते. २००६ मध्ये युनेस्कोने या घाटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

या घाटापासून दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर एबेन नावाची वसाहत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तेथे उसाचे मळे होते. आज काचेच्या उंच इमारती, बँकांची कार्यालये, कॉल सेंटर आणि सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. मजुरांच्या घामावर पिकलेल्या जमिनीवर त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी संगणकापुढे बसून उपजीविका करावी, ही कल्पना आकर्षक आहेच; परंतु ती केवळ हौसेपोटी जन्मली नव्हती. तिच्यामागे निकड होती.

निकड कशाची?

मॉरिशस क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येनेही गोव्याहून लहान आहे. एकूण भूभाग सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. खनिजे नाहीत, तेल नाही, मोठी अंतर्गत बाजारपेठ नाही. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या सुमारास या बेटाच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा निष्कर्ष निराशाजनक होता. वाढती लोकसंख्या आणि एकाच पिकावरील अवलंबित्व यांमुळे या बेटाचे भवितव्य त्यांना अंधकारमय दिसत होते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग साखरेतून येत होता.

मॉरिशसने हे भाकीत खोटे ठरवले ते टप्प्याटप्प्याने. १९७० मध्ये निर्यातप्रधान उद्योगांसाठी विशेष सवलतींचा कायदा करून कापड व तयार कपड्यांचे कारखाने आणले. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपीय बाजारात साखरेला खात्रीचा आणि चढा भाव मिळवला. पुढे पर्यटन वाढले. भारताबरोबर १९८२ मध्ये झालेला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आणि नव्वदच्या दशकातील वित्तीय कायदे यांच्या बळावर परदेशी गुंतवणुकीला वाट करून देणारा वित्तसेवा व्यवसाय उभा राहिला. साखर, कापड, पर्यटन आणि वित्तसेवा असे चार खांब तयार झाले.

तथापि यांतील पहिले दोन खांब इतरांच्या मेहेरबानीवर उभे होते. श्रीमंत देशांनी कापड आयातीवर घातलेल्या कोट्याच्या पद्धतीमुळे मॉरिशससारख्या लहान निर्यातदारांना आडोसा मिळत असे. ही पद्धत १ जानेवारी २००५ पासून संपुष्टात आली आणि चीनसारख्या प्रचंड उत्पादकांशी उघड्यावर सामना करणे भाग पडले. त्यापाठोपाठ युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव २००६ पासून चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवला. २००९ मध्ये तो जुना साखर करारही संपला. हे दोन्ही आघात येणार, याची चाहूल राज्यकर्त्यांना आधीच लागली होती. म्हणूनच सप्टेंबर २००० मध्ये सत्तेवर आलेल्या अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या सरकारने माहिती तंत्रज्ञान हा अर्थव्यवस्थेचा 'पाचवा खांब' करण्याचे ठरवले आणि 'सायबर बेट' ही घोषणा प्रचारात आली.

चार गोष्टींची जुळवाजुळव

एखाद्या देशाला असे केंद्र व्हायचे असेल तर चार गोष्टी लागतात : जगाशी जोडणारी वेगवान दळणवळण व्यवस्था, काम करण्यास योग्य जागा, ते काम करू शकणारी माणसे आणि परदेशी ग्राहकाला आश्वस्त करणारे कायदे. मॉरिशसने या चारही आघाड्यांवर एकाच वेळी हात घातला.

पहिली गोष्ट केबलची. बेटाला जगाशी जोडण्यासाठी तोपर्यंत मुख्यतः उपग्रहाचा आधार होता. उपग्रहाची क्षमता मर्यादित, खर्च मोठा आणि आवाज पोहोचण्यात होणारा विलंब कॉल सेंटरला परवडणारा नसतो. २००२ मध्ये 'सेफ' ही समुद्राखालील ऑप्टिकल फायबर केबल कार्यान्वित झाली. दक्षिण आफ्रिकेहून निघून रियुनियन आणि मॉरिशस करीत ती भारतात कोचीला येते आणि पुढे मलेशियातील पेनांगपर्यंत जाते. मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरील बे द जाकोते येथे ती जमिनीवर येते. त्या एका केबलने सायबर बेटाची कल्पना व्यवहार्य केली.

परंतु एकच केबल म्हणजे एकच पूल. तो तुटला की वाहतूक थांबली. शिवाय एकाच पुलावरचा टोलही महाग पडतो. त्यामुळे पुढील दोन दशके पर्यायी मार्ग उभारण्यात गेली. २००९ मध्ये मादागास्करपर्यंत जाणारी 'लायन', २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोहोचणारी 'मेटिस' आणि २०२३ मध्ये त्याच दिशेची 'टी-३' या केबल आल्या. दूरध्वनी क्षेत्रातील मक्तेदारी संपवण्याची मुदतही सरकारने अलीकडे ओढली आणि २००३ च्या प्रारंभी हे क्षेत्र स्पर्धेसाठी खुले केले. मॉरिशस टेलिकॉम या राष्ट्रीय कंपनीतील ४० टक्के भांडवल २००० मध्येच फ्रान्स टेलिकॉमला विकण्यात आले होते. पुढे याच कंपनीने घराघरांत फायबर पोहोचवले.

दुसरी गोष्ट जागेची. एबेनच्या सायबर सिटीला भारताने सवलतीच्या कर्जाचे आणि तांत्रिक सल्ल्याचे साह्य केले. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी मार्च २००० मध्ये मॉरिशसला भेट दिली होती. तेथील मुख्य सायबर टॉवरला त्यांचे नाव देण्याची घोषणा २०१८ मध्ये त्यांच्या निधनानंतर मॉरिशसच्या पंतप्रधानांनी केली. इन्फोसिसने आपल्या कामकाजाला संकटकाळी पर्याय असावा म्हणून मॉरिशसची निवड केली. अॅक्सेंचरसारखी बहुराष्ट्रीय कंपनीही आली.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि येथे इतिहासाने या बेटाला अनपेक्षित देणगी दिली आहे. मॉरिशस आधी फ्रेंचांच्या आणि नंतर ब्रिटिशांच्या ताब्यात होते. परिणामी सामान्य मॉरिशियन माणूस घरी क्रिओल बोलतो, वृत्तपत्र फ्रेंचमधून वाचतो आणि शाळेत परीक्षा इंग्रजीतून देतो. भारतातील बीपीओ उद्योगाने अमेरिका व ब्रिटनची बाजारपेठ काबीज केली असताना, फ्रेंच बोलणारा ग्राहक मॉरिशसच्या वाट्याला आला. घड्याळही सोयीचे आहे. मुंबईत सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा मॉरिशसमध्ये आठ वाजलेले असतात, आणि पॅरिस तेथून केवळ दोन-तीन तास मागे असते. अमेरिकी ग्राहकांसाठी आपल्याकडील तरुणांना जशी रात्रपाळी करावी लागते, तशी तेथे फ्रान्ससाठी करावी लागत नाही.

चौथी गोष्ट कायद्याची. मॉरिशसच्या विधिव्यवस्थेत नेपोलियनची फ्रेंच संहिता आणि इंग्रजी परंपरा यांचा संगम आहे. अंतिम अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. परदेशी गुंतवणूकदाराला याचे मोल फार वाटते. २००४ मध्ये या देशाने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पुढे युरोपीय संघाचे नवे कठोर नियम येणार हे पाहून २०१७ मध्ये त्याच धर्तीवर नवा कायदा संमत केला आणि जानेवारी २०१८ पासून तो अमलात आणला. युरोपच्या नियमांना काही महिने अवकाश असतानाच हे घडले, हे विशेष. सायबर गुन्ह्यांविषयीच्या बुडापेस्ट कराराचा स्वीकारही या देशाने २०१३ मध्ये केला. २०१७ च्या जागतिक सायबर सुरक्षा निर्देशांकात मॉरिशस सहाव्या क्रमांकावर होते.

हाती काय आले?

या प्रयत्नांचे फळ नाकारता येण्याजोगे नाही. माहिती तंत्रज्ञान आणि दळणवळण क्षेत्राचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा आज पाच टक्क्यांहून अधिक आहे आणि हजारो तरुण-तरुणींना त्यात रोजगार मिळाला आहे. कापड कारखाने बंद पडत असताना ज्या घरांतील आई शिवणयंत्रावरचे काम गमावून बसली, अशा अनेक घरांतील मुलामुलींना हे नवे दार उघडले. सत्तांतरे झाली, जगन्नाथ, बेरांजे, रामगुलाम असे पंतप्रधान आले-गेले, पण हे धोरण कोणीही गुंडाळून ठेवले नाही. लहान देशाला अशा सातत्याचा फायदा मोठा असतो.

मात्र जे उभे राहिले ते प्रामुख्याने सेवा पुरवण्याचे काम होते. दुसऱ्याच्या ग्राहकाचा दूरध्वनी घेणे, दुसऱ्याचे हिशेब लिहिणे, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरची देखभाल करणे, असे त्याचे स्वरूप आहे. स्वतःचे तंत्रज्ञान निर्माण करून शेजारी देशांना विकणारे केंद्र व्हायचे, हे मूळ स्वप्न अद्याप दूर आहे. २०१८ च्या अखेरीस सरकारने 'डिजिटल मॉरिशस २०३०' हा आराखडा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, ते हे अंतर कापण्यासाठीच.

या वाटेवरील पहिली अडचण माणसांच्या संख्येची आहे. साडेबारा लाखांच्या देशात दरवर्षी किती अभियंते तयार होणार? जन्मदर घसरला आहे, समाज वृद्ध होत चालला आहे आणि हुशार मुले फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे जातात. शिक्षणावर या देशाने खर्च केलेला नाही असे नाही. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत आहे, विद्यार्थ्यांचा बसप्रवास २००५ पासून मोफत आहे आणि सार्वजनिक विद्यापीठांतील पदवी शिक्षणही २०१९ पासून मोफत झाले. तरीही उद्योगाला हवी ती कौशल्ये मिळत नाहीत, ही तक्रार कायम आहे. त्यामुळे परदेशी व्यावसायिकांना परवाने देऊन आणावे लागते. एबेनच्या कार्यालयांत भारतीय संगणकतज्ज्ञ दिसतात, त्याचे कारण हेच.

दुसरी अडचण स्पर्धेची. बेटावरील राहणीमान उंचावले तसे पगारही वाढले. जागतिक बँकेने २०२० मध्ये मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात गणले होते; कोविडच्या फटक्यामुळे पुढच्याच वर्षी ते स्थान गेले. फ्रेंच बोलणारा कर्मचारी मादागास्करमध्ये याहून पुष्कळ स्वस्तात मिळतो. मोरोक्को आणि ट्युनिशिया युरोपच्या अधिक जवळ आहेत. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर रवांडा आणि केनिया हेही तंत्रज्ञानाचे केंद्र म्हणवून घेण्यासाठी झटत आहेत. त्यात आता संभाषण करू शकणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आहेत. ग्राहकाच्या साध्या प्रश्नाला यंत्रच उत्तर देऊ लागले, तर कॉल सेंटरचा पायाच हलतो.

तिसरी अडचण निसर्गाची. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून जाताना जगाने पाहिल्या. वीज मुख्यतः आयात केलेल्या तेलावर आणि कोळशावर तयार होते; साखर कारखान्यांतील बगॅसपासून होणारी वीजनिर्मिती हा तिला मिळणारा देशी हातभार. डेटा सेंटर म्हणजे विजेचा अखंड भुकेला ग्राहक. ती भूक आयात इंधनावर भागवणे दीर्घकाळ परवडणारे नाही.

विश्वासाचे भांडवल

या सर्व अडचणींवर पैसा आणि वेळ यांच्या साह्याने तोडगा निघू शकेल. परंतु ज्या देशाकडे आकार नाही, खनिजे नाहीत, स्वस्त मजुरीही उरलेली नाही, त्याच्यापाशी विकण्याजोगी एकच गोष्ट शिल्लक राहते : 'आमच्याकडे तुमचा पैसा आणि तुमची माहिती सुरक्षित आहे,' हा शब्द. मॉरिशसची खरी परीक्षा येथे सुरू होते, आणि गेल्या दशकातील तिचा निकाल संमिश्र आहे.

वित्तसेवांच्या बाबतीत त्याचा अनुभव या देशाने घेतला आहे. करार १९८२ चा असला तरी मॉरिशसमार्गे येणाऱ्या पैशाविषयी भारतात वर्षानुवर्षे शंका घेतल्या गेल्या. अखेर २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांवरील नफ्यावर कर लावण्याचा अधिकार भारताला मिळाला. फेब्रुवारी २०२० मध्ये काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने मॉरिशसला 'करड्या यादी'त टाकले. सरकारने धावाधाव करून ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यातून सुटका करून घेतली. नाव गेले की धंदा किती वेगाने मागे सरकतो, हे या वीस महिन्यांनी दाखवून दिले.

माहितीच्या बाबतीतही असेच प्रसंग आले. नागरिकांच्या नव्या ओळखपत्रासाठी २०१३ पासून बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात झाली. या योजनेला आव्हान देणाऱ्यांत त्या वेळी विरोधी बाकांवर असलेले प्रविंद जगन्नाथ हेही होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे ठसे केंद्रीय संचयात साठवून ठेवणे लोकशाही समाजात समर्थनीय ठरत नाही, असा निर्णय दिला. पुढे हेच जगन्नाथ पंतप्रधान असताना, एप्रिल २०२१ मध्ये, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एक प्रस्ताव मांडला. समाजमाध्यमांवरील देशातील सारी वाहतूक स्थानिक सर्व्हरवरून वळवावी, तेथे ती उलगडून पाहण्याची सोय असावी, असा त्याचा आशय होता. देशांतून आणि परदेशांतून कडाडून विरोध झाला आणि प्रस्ताव मागे पडला.

जुलै २०२२ मध्ये वाद थेट केबलच्या तोंडाशी पोहोचला. मॉरिशस टेलिकॉमच्या प्रमुखपदाचा राजीनामा दिलेल्या शेरी सिंग यांनी आरोप केला, की बे द जाकोते येथील केबल केंद्रात इंटरनेट वाहतुकीवर नजर ठेवणारी उपकरणे बसवू देण्यासाठी आपल्यावर दबाव आणला गेला. पंतप्रधानांनी हेरगिरीचा आरोप फेटाळला. सुरक्षेच्या कारणास्तव पाहणी आवश्यक होती आणि तीसाठी भारताकडे तंत्रज्ञ मागितले होते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या भारताच्या साह्याने सायबर सिटी उभी राहिली, त्याचेच नाव या वादात ओढले गेले. आरोपातील तथ्य काहीही असो, परक्याची माहिती सांभाळण्याचा व्यवसाय करू पाहणाऱ्या देशाला अशी चर्चाही महागात पडते.

त्यानंतर आला २०२४ चा निवडणूक हंगाम. राजकारणी, पत्रकार आणि अधिकारी यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती ऑक्टोबरमध्ये समाजमाध्यमांवर झळकू लागल्या. सरकारने १ नोव्हेंबर रोजी उपाय शोधला तो सर्व समाजमाध्यमे मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवण्याचा. ज्या देशाने स्वतःला 'सायबर बेट' म्हणवून घेतले, त्याने नागरिकांच्या इंटरनेटवर असा घाला घालावा, यावर विश्वास बसणे कठीण होते. टीकेचा भडिमार होताच चोवीस तासांच्या आसपास हा आदेश मागे घ्यावा लागला. १० नोव्हेंबरच्या मतदानात नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने थेट निवडून द्यायच्या ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. महागाईसह इतरही कारणे या निकालामागे होती. परंतु पाळतीविषयीचा संतापही त्यात होता, हे मान्य करावे लागेल.

या घटनाक्रमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. न्यायालयाने सरकारला रोखले, लोकांनी प्रस्ताव परतवला, आदेश मागे घेतला गेला आणि सत्तांतर शांततेने झाले. तुटलेला विश्वास दुरुस्त करणाऱ्या संस्था या बेटावर जिवंत आहेत. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ही बाब एबेनमधील कोणत्याही इमारतीपेक्षा अधिक मोलाची ठरावी.

बोध

माहिती तंत्रज्ञान म्हणजे काचेची इमारत, मोफत जमीन आणि करसवलत, असे समीकरण आपल्याकडेही अनेक राज्यांनी मांडले आहे. मॉरिशसचा अनुभव सांगतो, की इमारत तीन वर्षांत बांधता येते आणि केबल पैसे टाकून आणता येते. शाळेतून कुशल पिढी बाहेर पडायला वीस वर्षे लागतात. शब्दावर जगाचा विश्वास बसायला त्याहून अधिक काळ लागतो, आणि तो गमवायला एका रात्रीतला एक आदेश पुरतो. मोठ्या देशाची एखादी चूक त्याच्या आकारात झाकून जाते. मॉरिशसला तशी चैन परवडणारी नाही.

आप्रवासी घाटावर उतरलेल्या प्रत्येक मजुराची तेव्हा नोंद होत असे. नाव, गाव, उंची, अंगावरची खूण असा तपशील वसाहतीच्या अधिकाऱ्याच्या वहीत लिहिला जाई. त्या वहीवर मजुराचा कोणताही हक्क नव्हता. त्याच मजुरांच्या वंशजांनी आज जगाला 'तुमची माहिती आमच्या हाती सोपवा' असे आवाहन केले आहे. त्या माहितीवर तिच्या धन्याचा हक्क अबाधित राहील, ही हमी ते किती निष्ठेने पाळतात, यावर उसाच्या या बेटाचे सायबर स्वप्न अवलंबून राहणार आहे.